डेबियन १३ नंतर : डिस्क मोकळी, तरी 'जागा शिल्लक नाही'

तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. राजवाड्याजवळच्या वाचनालयाचे जुने बांधीव अंक तुम्ही स्कॅन करता. मशीनला ८ जीबी मेमरी आहे, आणि डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीवरून १३ व्या आवृत्तीवर आल्यापासून पस्तीस-चाळीस पानांनंतर 'जागा शिल्लक नाही' म्हणून काम अडतं. डिस्क तर अर्धी रिकामी आहे. शिवाय हाताने लावलेली सेटिंग्ज रीस्टार्टनंतर उडतात.

आधी पानांचं बघू. ए-४ आकाराचं रंगीत पान ६०० डीपीआयला स्कॅन केलं की दाबून लहान (कॉम्प्रेस) करण्यापूर्वी ते साधारण १०४ एमबीचं होतं, आणि स्कॅनिंगचा प्रोग्राम अशी पानं तात्पुरत्या फाइलींच्या 'टीएमपी' फोल्डरमध्ये साठवतो. डेबियन १३ मध्ये हे फोल्डर मुळात डिस्कवर नसतं, ते मेमरीत असतं आणि त्याची कमाल मर्यादा मेमरीच्या निम्मी असते. म्हणजे तुमच्याकडे ४ जीबी. आता भागाकार करून बघा, उत्तर चाळिसाच्या आतबाहेरच येईल. तुमची डिस्क आणि स्कॅनर दोन्ही ठणठणीत आहेत, नवीन काही विकत घेऊ नका.

कुणीतरी तुम्हाला ही मर्यादा ७ जीबी करायला सांगितलंय. कृपया करू नका. तिथे साठणारी प्रत्येक फाइल मेमरी किंवा स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची जागा) खाते, आणि ८ जीबीच्या मशीनवर मग स्कॅनिंगचा प्रोग्रामच गुदमरेल. दोनशे पानांच्या बाडाला लागणारे २० जीबी त्यातूनही मिळणार नाहीतच. त्यापेक्षा होममध्ये एक फोल्डर करा आणि स्कॅनिंगचा प्रोग्राम सुरू करताना 'टीएमपीडीआयआर' या व्हेरिएबलमध्ये (तात्पुरत्या फाइली कुठे ठेवायच्या ते प्रोग्रामला यातून कळतं) त्याचा पत्ता द्या. प्रोग्राम ते मानत नसेल, तरच टीएमपी मेमरीत जोडणारं 'टीएमपी डॉट माउंट' हे युनिट 'सिस्टिमसीटीएल' या आज्ञेने मास्क करून, म्हणजे पूर्ण बंद करून, रीस्टार्ट करा, म्हणजे टीएमपी पुन्हा डिस्कवर येईल. त्याआधी टीएमपीत पडलेली पानं मात्र हलवून ठेवा, रीस्टार्टला ती जातील. अपग्रेडपूर्वीच्या टीएमपीतल्या फाइलीही डिस्कवर तशाच असू शकतात. मेमरीतलं टीएमपी त्यांच्यावर झाकण घालतं, म्हणून त्या दिसत नाहीत, पण जागा अडवतात. मूळ फाइलसिस्टीम एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बाइंड माउंट केली, म्हणजे तिथेही जोडून दाखवली, की सापडतील.

आता उडणारी सेटिंग्ज. मशीन सुरू करून सेवा चालवणारा सिस्टिमडी हा प्रोग्राम आता सुरुवातीला 'सिसकंट्रोल डॉट कॉन्फ' (sysctl.conf) ही कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, सेटिंग्जची फाइल वाचतच नाही. तुम्ही 'सिसकंट्रोल' उणे पी (sysctl -p) ही आज्ञा देता तेव्हा ती वाचली जाते, म्हणून हाताने सगळं नीट लागतं आणि रीस्टार्टनंतर गायब होतं. आपल्या ओळी 'सिसकंट्रोल डॉट डी' फोल्डरमध्ये नवी फाइल करून ठेवा, नावाच्या शेवटी 'डॉट कॉन्फ' हवंच.

पण जुनी फाइल सरसकट उचलून तिथे टाकू नका, माझा खरा आग्रह इथे आहे. तुमच्या यादीत शेअर्ड मेमरीची (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या मेमरीची) कमाल मर्यादा १ जीबी करणारी ओळ आहे. ती पोस्टग्रेस या डेटाबेसच्या जुन्या आवृत्तीसाठी कुणीतरी घातली असणार. २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून पोस्टग्रेसला तिची सहसा गरज पडत नाही, आणि २०१४ च्या लिनक्स ३.१६ पासून कर्नलची स्वतःची मर्यादा जवळजवळ अमर्याद आहे. म्हणजे तुमची ओळ मर्यादा वाढवत नाही, उलट कमी करते. ती काढाच. स्वॅपीनेस (कर्नल स्वॅपकडे किती लवकर वळतो ते ठरवणारा आकडा) १० ठेवायचा असेल तर ठेवा, मूळ ६० असतो.

एवढं झालं की एक मोठं बाड लावा आणि ते चालू असताना 'डीएफ' ही जागा दाखवणारी आज्ञा देऊन टीएमपी किती भरतंय ते बघत राहा. मी सुदामानगरलाच असतो, अडलं तर रविवारी येऊन बघतो.