वरातीचे वाद्य आणि आजोबांची पेटी

अमेरिकेत सहावीत शिकणाऱ्या मुलाला शाळेच्या बँडसाठी सॅक्सोफोन हवा आहे. दादरला राहणारे त्याचे आजोबा त्याला ‘वरातीचे वाद्य’ म्हणतात, आणि तरीही घ्यायचेच असेल तर सुट्टीत मुंबईतच स्वस्तात घेऊ, असे सुचवतात. काय करावे, असे एका वाचक आईने विचारले आहे.

वरातीत वाजते म्हणून वाद्य हलके ठरत नाही (सनईही लग्नात वाजतेच ना?). मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन याच मुंबईतील ध्वनिमुद्रणांतून हिंदी चित्रपटगीतांत घरोघरी पोचला, तर कद्री गोपालनाथ यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवले.

स्वस्त खरेदीचा सल्ला मात्र मानू नये. चाव्यांखालच्या गाद्या किंचितही नीट बसल्या नाहीत, तर खालचे स्वर निघतच नाहीत, आणि नवशिक्या मुलाला दोष आपलाच वाटतो. त्यापेक्षा शाळेजवळच्या दुकानातून, दुरुस्तीची हमी घेऊन, वाद्य भाड्याने आणावे. सहा महिन्यांत मुलाचे मन बदलले, तर नुकसानही थोडे होते.

सॅक्सोफोनच्या प्रकारांपैकी सुरुवात लहान ऑल्टोनेच करावी, कारण खालच्या स्वरांचा टेनर लांब आणि जड असतो. ऑल्टोही सुमारे अडीच किलोंचा असल्यामुळे गळ्यातला पट्टा बांधून, खांदे न उचलता दोन्ही करंगळ्या आपापल्या चाव्यांपर्यंत पोचतात का, हे दुकानातच पाहावे. पहिला आवाज लवकर निघतो आणि सप्तक बदलले तरी बहुतेक बोटे तीच राहतात, ही त्याची सोय. हळू आणि सुरात वाजवणे मात्र अवघड, हे शेजाऱ्यांना आधी कळेल. रीड (तोंडाशी बसवायची वेताची पातळ पट्टी) दोन किंवा अडीच क्रमांकाची घ्यावी, एकच न घेता तीन-चार बाळगाव्यात. अनेक बँडमध्ये सॅक्सोफोनच्या जागा मोजक्याच असतात, म्हणून दुसरी पसंती क्लॅरिनेट लिहावी.

आजोबांकडे पेटी असल्याचे आपण लिहिले आहे. ऑल्टोच्या स्वरलिपीत लिहिलेला ‘सी’ वाजवला, की प्रत्यक्षात पेटीवरची काळी दोन (सप्तकातली दुसरी काळी पट्टी) ऐकू येते. तेव्हा सुट्टीत त्यांनी काळी दोनला षड्ज धरावा, म्हणजे मुलाचे ‘सी’पासूनचे पाच स्वर सा, रे, ग, म, प असेच जुळतील.