कार्ड वाटले, फोन एकही आला नाही

प्रश्न : मॅडम नमस्कार, मी दर्यापूर तालुक्यातून लिहून राहिली. आमच्या बचत गटानं मिनी दालमिल टाकली, तूर अन् हरबऱ्याची बिनपॉलिश डाळ करतो. मागच्या वर्षी नागपूरले उद्योजक मेळाव्यात गेलो, गठ्ठाभर कार्ड वाटले, पण नंतर कोणाचाच फोन नाही. तिथं सगळे हिंदी-इंग्रजीत बोलत, मले तं बोलायचीच लाज वाटे. घरचे म्हणतात गाडीभाडं घालून काहून जाता. यंदा जावं का?

उत्तर : ताई, नक्की जा. फक्त कार्ड वाटायला जाऊ नका. तिथं आलेल्या माणसाच्या खिशात संध्याकाळपर्यंत ढीगभर कार्ड जमतात, त्यातलं तुमचं कोणतं हे त्याला आठवत नाही, म्हणून फोनची वाट बघायचीच नाही, फोन आपणच करायचा. समोरच्याचा नंबर घ्या आणि घेतल्या घेतल्या नावापुढं टाकून ठेवा, "अमरावती, किराणा, अर्धा किलोचं पाकीट विचारलं" एवढं पुरतं. दोन दिवसांच्या आत व्हॉट्सॲपवर डाळीचा फोटो, भाव आणि काय बोलणं झालं होतं ते पाठवा. आठवडा गेला की लोक विसरतात.

कार्डाऐवजी शंभर-शंभर ग्रॅमची पाकिटं न्या, वर गटाचं नाव, नंबर आणि फूड लायसनचा नंबर. बिनपॉलिश डाळ दिसायला फिकी असते, दुकानदार आधी नाक मुरडतो, पण घरी शिजवून खाल्ली की मग बोलणं वेगळंच होतं.

आणि लाज कसली हो? वऱ्हाडीतच बोला. "आम्ही खारपाणपट्ट्यातल्या, पूर्णेच्या खोऱ्यातली कोरडवाहू तूर घेतो, पॉलिश न करता डाळ करतो, महिन्याला इतके क्विंटल देऊ शकतो." हा शेवटचा आकडा घरूनच पक्का करून जा, घाऊक घेणारा माणूस तोच ऐकायला थांबलेला असतो, आणि जेवढं खरंच जमेल तेवढंच सांगा.

जायच्या आधी गटात बसून हेही ठरवा की सध्या आपल्याला कोण पाहिजे. दरवेळी गिऱ्हाईकच पाहिजे असं नसतं, कधी पाकिटं छापणारा लागतो, कधी पुण्याकडं माल नेणारा ट्रान्सपोर्टवाला. दुसऱ्या दालमिलवाल्या भेटल्या तर त्यांच्याशी सगळ्यात जास्त वेळ बोला असं माझं मत आहे, कारण एखादीला मोठी ऑर्डर येते आणि तिची एकटीची मिल पुरी पडत नाही तेव्हा ती ओळखीच्याच गटाला फोन करते. अशा बायका तुम्हाला नागपूरच्या ॲग्रोव्हिजन या कृषी प्रदर्शनात भेटतील, अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या कार्यक्रमांनाही भेटतील, पीकेव्ही (म्हणजे पंजाबराव कृषी विद्यापीठ) मिनी दालमिल त्याच विद्यापीठाची आहे आणि अकोला तुम्हाला जवळही पडतं.

ऑर्डर मिळाली की आनंदात उधारीचं बोलायचं राहून जातं, बायकांच्या गटांचे पैसे असे अडकलेले बघून जीव तुटतो. तुमच्या गटाचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, नसेल तर सरकारी वेबसाईटवर करून घ्या, ते फुकट आहे, कोणी पैसे मागितले तर देऊ नका. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर केला तर व्याज लागतं. मेळाव्यातल्या पहिल्या भेटीत हे बोलू नका, पण पहिलं बिल जाईल त्यावर मुदत लिहिलेली पाहिजे.

प्रश्न : पुसदजवळ माझं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे, शेतीची अवजारं बनवतो. एका बिझनेस ग्रुपवाले मागं लागले, दर आठवड्याला सकाळी मीटिंग अन् वर्षाची फी बरीच मोठी. भरू का?

उत्तर : भाऊ, आधी पाहुणा म्हणून एक-दोनदा बसून या आणि सभासद कोण आहेत ते बघा. सगळे विमा, प्रॉपर्टी अन् इंटेरियरवाले असतील तर तुमचं वखर-पेरणीयंत्र तिथं कोण घेणार? तुमचं गिऱ्हाईक कृषी सेवा केंद्रात आणि बाजाराच्या दिवशी भेटतं. तोच पैसा एखाद्या कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलला लावा, आणि स्टॉलच्या भाड्याला काही मदत मिळते का ते यवतमाळच्या जिल्हा उद्योग केंद्रात आधी विचारून घ्या.