‘बी. एल.’ला नाव देण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. ‘जेंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या जुन्या मासिकात 1790 ते 1795 या वर्षांत छापलेल्या पत्रांखालच्या सह्या एका रकान्यात आणि खरी नावं शेजारच्या रकान्यात. मेहनत दिसते. पण दोनच रकाने बघून मी जरा धसकलो. नाव कशावरून ठरवलं, हे सांगणारा रकाना कुठंय? तो नसला की तुझा तक्ता उद्या कोणीतरी उचलणार, तिसरा त्याचा हवाला देणार, आणि तुझा अंदाज बघता बघता सर्वमान्य मत होऊन बसणार. या मासिकाच्या बाबतीत असं घडलेलं आहे, तेही नेमकं ‘बी. एल.’ या सहीखालच्या आपल्या पुण्याच्या एका गोष्टीत. तिकडे येतोच.

पत्रात तू ‘ओळख लपवणारे लेखक’ म्हणतेस. हे डोक्यातून काढून टाक. एडवर्ड केव्हनं 1731 साली लंडनच्या क्लार्कनवेल भागातल्या सेंट जॉन्स गेटमधून हे मासिक सुरू केलं, तेव्हा तो स्वतःच ‘सिल्व्हेनस अर्बन’ हे नाव घेऊन बसला होता. संपादक बदलले तरी ते नाव चालू राहिलं, आणि वाचक ‘मिस्टर अर्बन’ असं संबोधूनच पत्र लिहीत. जिथं संपादकच टोपणनावानं वावरतो, तिथं पत्रलेखकानं पूर्ण नाव टाकणं हेच थोडं आगाऊपणाचं वाटायचं. काहींना खरोखर लपायचं होतं, नाही असं नाही. पण गावोगावचे पाद्री, जुन्या वस्तूंचे शौकीन, वकील, डॉक्टर यांच्यातले बरेच जण सही अशी करत की ओळखीच्या माणसाला ती कळावी आणि परक्यानं डोकं खाजवत बसावं. सहीत त्यांची गंमत असे. ती कशी केली आहे हे समजलं की काही कुलुपं आपोआप उघडतात.

डर्बीशरमधल्या व्हिटिंग्टनचे रेक्टर, म्हणजे तिथले पाद्री, सॅम्युएल पेग (Samuel Pegge) घे. यांच्या एका सहीचं नाव ‘पॉल जेमसेज’ (Paul Gemsege). रोमन लिपीत हे नाव लिही, त्याखाली सॅम्युएल पेग लिही आणि एकेक अक्षर खोडत जा. अकराच्या अकरा अक्षरं जुळतात, एकही उरत नाही. त्यांची दुसरी सही ‘टी. रो’. वरकरणी एखाद्या साध्यासुध्या मिस्टर रोची वाटते. पण रोमनमध्ये ती टी, आर, ओ, डब्ल्यू अशी चार अक्षरं आहेत: ‘द रेक्टर ऑफ व्हिटिंग्टन’. या दोन सह्या दोन वेगळ्या माणसांच्या मानल्या तर एकाच पेगचे दोन लेखक होतात. त्यांच्या मृत्यूनंतर 1809 साली मासिकाचा तेव्हाचा कर्ताधर्ता जॉन निकोल्स यानं ‘अनॉनिमियाना’ या नावानं त्यांच्या टिपणांचं पुस्तक काढलं. नाव बघितलंस ना? मंडळींना स्वतःच्या निनावीपणाची मौज वाटत होती, ती अशी.

आता तुझ्या तक्त्यातली ‘डी. एच.’ ही ओळ. तू त्यापुढे डेव्हिड हेन्री लिहिलं आहेस. मोह समजतो. हेन्री हा केव्हचा मेहुणा, मासिकाचा मुद्रक आणि संपादक, आणि आद्याक्षरं तंतोतंत तीच. पण हेन्री 1792 साली वारला. तू नोंदवलेली दोन टिपणं त्यानंतरची आहेत! मेलेल्या माणसाकडून लिहवून घेणं ही आपल्या धंद्यातली सगळ्यात सोपी चूक, आणि ती पकडणंही सगळ्यात सोपं. ‘डी. एच.’ म्हणजे रिचर्ड गॉफ, पुरातत्त्वाचे मोठे अभ्यासक. त्यांनी आद्याक्षरं न घेता नाव आणि आडनाव (Richard Gough) यांची रोमन लिपीतली शेवटची अक्षरं घेतली. 1767 साली ससेक्समधल्या एका गावाच्या वर्णनाखाली त्यांनी ही सही पहिल्यांदा केली आणि पुढे कायम ठेवली. 1786 पासून पुस्तकपरीक्षणांचंही बरंच काम त्यांच्याकडे होतं. म्हणजे 1767 ते 1792 या पंचवीस वर्षांत ‘डी. एच.’ म्हणता येतील अशी दोन माणसं त्याच मासिकाभोवती वावरत होती. त्यामुळे आद्याक्षरं जुळली की काम झालं असं समजू नकोस, तिथून ते सुरू होतं.

हे सगळं आपल्याला कळतं कुठून? मुख्यतः जॉन निकोल्समुळे. तो 1778 पासून मासिकात भागीदार आणि 1826 साली मरेपर्यंत त्याचा कर्ताधर्ता. त्याच्या घराण्यानं कार्यालयाच्या प्रतींवर, समासात, कोणता मजकूर कोणाचा ते हातानं नोंदवून ठेवलं. ही निकोल्स फाइल आता वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीत आहे. जेम्स कुइस्ट यांनी 1982 साली तिच्यावरून मोठी यादी छापली, आणि एमिली लोरेन द मॉन्टलुझिन यांनी ती वाढवून 1731 ते 1868 पर्यंतची एकत्र यादी संगणकावर आणली. ही यादी तू वापरतेच आहेस. वापर, पण यादीतल्या प्रत्येक नावाचा आधार काय दिलाय ते वाचून. समासातली नोंद, छापील चरित्रातला उल्लेख, खासगी पत्रातली कबुली आणि अभ्यासकाचा तर्क या चार गोष्टींचं वजन सारखं नसतं.

समासातली नोंदही आंधळेपणानं घेऊ नकोस. अक्षर कोणाचं आहे, जॉनचं, मुलाचं की नातवाचं? तिघांनी तो व्यवसाय सांभाळला. 1778 च्या आधीच्या अंकांबद्दल निकोल्स जे सांगतो ते बरंचसं इतरांकडून ऐकलेलं असणार, कारण तो तेव्हा तिथं नव्हता. शिवाय 8 फेब्रुवारी 1808 ला त्याच्या छापखान्याला आग लागली आणि साठा जळून गेला. एखाद्या सहीबद्दल कागद सापडत नाही याचा अर्थ तो कधीच नव्हता असा होत नाही.

इंग्रजीचा मोठा लेखक आणि कोशकार सॅम्युएल जॉन्सन याच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर आधीच ढीगभर लिहिलं गेलं आहे. एप्रिल 1738 मध्ये ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहानं आपल्या चर्चा छापायला मनाई केली, तेव्हा केव्हनं जूनपासून त्याच चर्चा ‘लिलिपुटच्या संसदे’च्या नावानं छापायला घेतल्या. पंतप्रधान वॉलपोलचं झालं ‘वॉलेलॉप’. 1741 च्या मध्यापासून 1744 च्या मार्चपर्यंत हे काम एकट्या जॉन्सननं केलं. पुढे एका जेवणावळीत खासदार पिटच्या एका भाषणाची वाहवा चालली होती, तेव्हा तो म्हणाला की ते भाषण मी एक्झेटर स्ट्रीटवरच्या माळ्यावर बसून लिहिलं. लेखकाचीच कबुली, म्हणजे पुरावा भक्कम. पण ती आपल्यापर्यंत आली त्याचा चरित्रकार आर्थर मर्फी याच्या लेखणीतून, बऱ्याच वर्षांनी, आणि ती आहे एका भाषणाबद्दल. तेवढ्यावर विसंबून त्या काळातला प्रत्येक डौलदार परिच्छेद जॉन्सनच्या खात्यात जमा करणारे लोक झाले आहेत. मोठ्या नावाला लोहचुंबकासारखी ओढ असते. निनावी मजकूर चांगला असला की तो मोठ्याचाच असणार, ही समजूत मला तरी आळशीपणाची वाटते. त्या काळात चांगलं गद्य लिहिणारे पाद्री पैशाला पासरी होते.

शैलीवरून ओळखण्याच्या संगणकी पद्धतीबद्दल तू उत्साहानं लिहिलं आहेस. मी विरोधात नाही. पण तीनशे शब्दांचं पत्र, त्यावर संपादकाची कात्री चाललेली, विषय एखाद्या चर्चमधल्या कबरीचा, आणि त्या विषयावर सगळेच एका साच्यात लिहिणारे. त्यातून यंत्र काय काढणार? लांब लेखमाला असेल तर जरूर चालव. आणि पुरुषी नावाच्या सहीमागे पुरुषच असेल हे धरून चालू नकोस. जॉन्सनबद्दल 1786-87 मध्ये ‘बेनव्होलिओ’ या सहीनं आलेली खरमरीत पत्रं लिचफील्डच्या ॲना सिवर्डची आहेत.

आता पुण्याची गोष्ट. ऑक्टोबर 1794 च्या अंकात ‘बी. एल.’ या सहीचं एक पत्र आहे, सोबत चित्र. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी टिपूच्या कैदेत सापडला, टिपूनं त्याचं नाक आणि एक हात तोडला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा होता. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसानं, आपण कुंभार म्हणू, त्याला नवं नाक बसवलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बुंध्यावर बसवून आकार घ्यायचा, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ मारायची, तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांमधली पट्टी शाबूत ठेवायची, म्हणजे रक्त चालू राहतं. मग ती कातडी फिरवून खाली बसवायची, वर काथ लावलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात भिजवलेलं कापड, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी मधली पट्टी कापायची. हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं 1814 साली ही शस्त्रक्रिया केली आणि 1816 मध्ये पुस्तक लिहिलं. प्लास्टिक सर्जरीच्या प्रत्येक इतिहासात हे पत्र येतं ते त्यामुळे.

आणि कित्येक वैद्यकीय लेखांत ते मद्रासच्या लुकास नावाच्या इंग्रज डॉक्टरचं म्हणून दिलेलं सापडेल. तूही तेच लिहिलं आहेस.

नाव बाजूला ठेव आणि पत्र पहिल्या ओळीपासून वाच. लेखक म्हणतो की ईस्ट इंडीजमधून एका मित्रानं मला हे पाठवलं, आणि माझ्या समजुतीप्रमाणे ही शस्त्रक्रिया युरोपात अज्ञात आहे. म्हणजे लिहिणारा हिंदुस्थानात नाही. मद्रासच्या डॉक्टरनं असं कशाला लिहावं? पुढे शस्त्रक्रिया पाहिलेले म्हणून मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांची नावं येतात, त्यातलं एक टॉमस क्रुसो. लेखक स्वतः पाहिल्याचा दावा कुठेच करत नाही. आणि शेवटी, ज्या चित्रावरून हे ताम्रचित्र कोरलं ते जानेवारी 1794 मध्ये, शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी रंगवलं, असं तो आवर्जून सांगतो. चित्र जेम्स वेल्सचं, पेशव्यांच्या दरबारात चित्रं काढणारा तोच. रोग्याइतकीच चित्राची काळजी असणारा, इंग्लंडात बसलेला, बी. एल. आद्याक्षरांचा माणूस कोण? या मासिकाच्या वर्तुळात बराक लाँगमेट होता, कोरीवकाम करणाऱ्या घरातला. आजचे अनेक अभ्यासक त्याचंच नाव घेतात आणि मलाही ते पटतं.

पण इथंही एक खाच आहे. बराक लाँगमेट दोन होते, बाप आणि लेक. बाप वंशावळींचा अभ्यासक आणि कोरीवकाम करणारा म्हणून जास्त नावाजलेला, त्यामुळे हात आधी त्याच्याच नोंदीकडे जातो. तो 1793 साली वारला. पत्र 1794 च्या ऑक्टोबरचं. तेव्हा हा मान, असलाच तर, 1768 साली जन्मलेल्या मुलाचा.

आणि तो मान केवढा? लाँगमेटनं लिहिल्या असतील त्या वरच्या दोन-तीन ओळी. शस्त्रक्रियेचं वर्णन त्या मित्राकडून आलं, आणि मित्रानं ते स्वतः पाहून लिहिलं की क्रुसोसारख्या कोणाच्या तोंडून ऐकून, हे पत्र सांगत नाही. म्हणजे एका सहीखाली निदान दोन हात, कदाचित तीन. ‘पाठवणारा’ आणि ‘मूळ मजकूर लिहिणारा’ असे दोन वेगळे रकाने कर. या मासिकातल्या निम्म्या गोंधळाचं मूळ हे दोन रकाने एक केल्यात आहे, असं माझं मत आहे.

तर रकाने असे असू देत: सही, अंक आणि पान, पाठवणारा, मूळ मजकूर कोणाचा, आधार, आणि खात्री. खात्रीसाठी टक्के वगैरे लिहू नकोस, ‘कागद आहे’, ‘तर्क आहे’, ‘माहीत नाही’ एवढे तीन शब्दप्रयोग पुरेत. ‘माहीत नाही’च्या ओळी निम्म्याहून जास्त निघाल्या तरी मार्गदर्शक म्हणून मी सही करेन. परीक्षकांनी विचारलं तर त्यांना माझ्याकडे पाठव.

निकोल्सचे ‘लिटररी ॲनेक्डोट्स’चे खंड चाळायला आधी घे, कुइस्टची यादी नंतर. ‘ॲनेक्डोट्स’मध्ये माणसांच्या ओळखीपाळखी, कोणाचा कोण मित्र, कोण कोणाकडे उतरायचा हे सगळं आहे, आणि सह्यांची उत्तरं बऱ्याचदा मृत्युलेखांत एखाद्या ओळीत पडलेली असतात. त्याबरोबरच लाँगमेटचा तो हिंदुस्थानातला मित्र शोधायला लाग. पुण्याचा रेसिडेंट, म्हणजे पेशवे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, चार्ल्स मॅलेट, त्याच्या आसपासचे डॉक्टर, वेल्सच्या ओळखीचे मुंबईकर, यांच्यापैकी लंडनच्या छापखान्यांशी पत्रव्यवहार कोणाचा होता ते बघ. पुण्याच्या रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापून निघालेला आहे, तो तुला तिथल्या तिथं मिळेल. ‘डी. एच.’ची ओळ मात्र आजच दुरुस्त कर, आणि मग नवा तक्ता पाठव.

तुझा,
सर