अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर जोडलेले आहेत, तरी दोघांचा खारटपणा वेगळा कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की श्रीलंकेच्या दक्षिणेला दोन्ही पाणी एकमेकांना मिळतं, मग आजवर ते एकसारखं का झालं नाही. पाणी मिसळतं, दरवर्षी मिसळतं. पण मिसळण्यापेक्षा वेगाने नवा फरक तयार होत राहतो. मी समुद्रविज्ञान शिकले आहे आणि या विषयातला हा माझा सर्वांत आवडता भाग आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी या सगळ्या नद्या बंगालच्या उपसागरात रित्या होतात. त्र्यंबकेश्वरला पडलेला पाऊससुद्धा, अरबी समुद्र इतका जवळ असताना, गोदावरीतून तिकडेच जातो. त्यात उपसागरावर पाऊसही भरपूर. अरबी समुद्रात मात्र पावसापेक्षा बाष्पीभवन जास्त. त्यामुळे अरबी समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 36 ग्रॅम क्षार सापडतात, तर पावसाळ्याच्या अखेरीस उपसागराच्या उत्तर टोकाला पृष्ठभागावर 30 पेक्षाही कमी.

देवाणघेवाण वाऱ्यांच्या तालावर चालते. नोव्हेंबर ते जानेवारीत पूर्व किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि उपसागराचं कमी खारट पाणी केरळच्या किनाऱ्याकडे आणतो. नैऋत्य मॉन्सूनमध्ये उलट होतं. श्रीलंकेच्या दक्षिणेकडून पूर्वेला जाणारा प्रवाह अरबी समुद्राचं खारट पाणी उपसागरात नेतो. हे पाणी जड असल्यामुळे तिथल्या गोड्या थराच्या खाली सरकतं.

खरी गंमत उष्णतेची आहे. उपसागराच्या उत्तर भागात हलकं, गोडं पाणी दुधावरच्या सायीसारखं वर पसरून राहतं. वारा सुटला तरी खालचं गार पाणी सहज वर येत नाही, आणि उन्हाची ऊब वरच्या पातळ थरातच अडकते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शेणॉय, शंकर आणि शेट्ये यांनी 2002 साली दोन्ही समुद्रांच्या उष्णतेचा हिशेब मांडला. अरबी समुद्रावर मॉन्सूनचे वारे खूप जोरदार असतात, त्यामुळे तिथलं पाणी ढवळून निघतं आणि पावसाळ्यात गार होतं. उपसागराचा पृष्ठभाग मात्र 28 अंशांच्या वरच राहतो. इतकं कोमट पाणी ढगांना सतत बाष्प पुरवतं, म्हणून तिथे कमी दाबाचे पट्टे एकामागून एक तयार होतात. विदर्भातला कितीतरी पाऊस त्यांच्यामुळेच पडतो. म्हणजे नद्यांनी समुद्रात नेलेलं पाणीच पुढच्या पावसाला हातभार लावतं. मला हे फार विलक्षण वाटतं.

हिवाळ्यात केरळकडे आलेलं गोडं पाणीही असाच परिणाम करतं. उन्हाळ्यात आग्नेय अरबी समुद्राचं पाणी 30 अंशांपुढे जातं, त्यात या थराचा वाटा असल्याचं मानलं जातं. मॉन्सूनचं आगमन याच भागाजवळून होतं.

उरलेली जास्तीची उष्णता उत्तरेला जाऊ शकत नाही, कारण तिकडे आशिया खंड आडवा आहे. ती विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जाते. अटलांटिकमध्ये मात्र तिथले प्रवाह तिथली उष्णता उत्तरेला युरोपकडे वाहून नेतात.

स्वतः आकडे पाहायचे असतील तर आर्गो प्रकल्पाची माहिती सर्वांना मोफत मिळते. त्याची तरंगती यंत्रं साधारण दर 10 दिवसांनी 2000 मीटर खोलीवरून वर येताना तापमान आणि क्षारता मोजतात. ऑगस्टमधल्या दोन नोंदी घ्या, एक उपसागराच्या उत्तर भागातली आणि एक गोव्याच्या पश्चिमेची, आणि पहिल्या 50 मीटरचे आलेख शेजारी ठेवा.