टॅप नाच शिकताना कान उघडे ठेव

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. वर्गात सगळ्यात मागे पडते आहेस, शेजारची 12 वर्षांची मुलगी तासाभरात जे उचलते त्याला तुला तीन आठवडे लागतात, असं लिहिलं आहेस. लागू देत. मी टॅपचे बूट पहिल्यांदा घातले तेव्हा चाळिशी उलटली होती, आणि शफल नावाचं साधं पाऊल स्वच्छ वाजायला मला चार महिने लागले.

तुझी अडचण वयाची नाही. तू आरशात बघून शिकते आहेस. मोठेपणी शिकणारे आपण सगळे आधी डोळ्यांनी समजून घेऊ बघतो. पण टॅपमध्ये पाय हे वाद्य आहे. बुटात चवड्याखाली धातूची एक पट्टी, टाचेखाली एक. चवड्याचा आवाज बारीक, टाचेचा भरीव. पाऊल दिसायला अगदी बरोबर पडलं आणि आवाज चुकला, तर पाऊल चुकलंच.

शफलच घे. चवडा पुढे घासला की एक आवाज, मागे ओढला की दुसरा. दोन्ही सारख्या जोराचे हवेत. नवशिक्यांचा पुढचा मोठा येतो आणि मागचा पुसट, कारण घोटा आवळलेला असतो आणि पाय लाथ मारल्यासारखा पुढे जातो. ओल्या हातावरचं पाणी झटकतो तसा घोटा सैल सोड. खुर्चीवर बसून कर, म्हणजे तोल सांभाळायची काळजी उरत नाही. आणि आधी तोंडाने म्हण. शिक्षक ताल गुणगुणून दाखवतात तो वेळ घालवायला नाही. तो ताल तोंडात बसला नसेल तर पायांना तो कुठून सापडणार? वेग इतका कमी ठेव की कंटाळा येईल. घाईत दोन आवाज एकमेकांत मिसळतात आणि आपल्याला वाटतं जमलं.

एका ठिकाणी मात्र कान पुरत नाहीत. शफल आणि फ्लॅप, दोन्हीत आवाज दोनच. पण शफलमध्ये पाय हवेतच राहतो, फ्लॅपमध्ये घासलेला पाय लगेच तुझं वजन घेतो. चाल मध्येच तुटली की पहिल्यापासून धावत सुटू नकोस. तिथेच थांब आणि बघ, वजन कोणत्या पायावर आहे. मला तरी बहुतेक गाठी तिथेच सापडल्या.

कानाचा एवढा आग्रह का धरते, तेही सांगते. 1739 साली अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायनात, स्टोनो नदीजवळ, गुलामांनी बंड केलं. त्यांनी ढोल वाजवले होते. 1740 च्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आली. ढोल गेले, ताल गेला नाही. तो टाळ्यांत, मांड्यांवर, टाचांत वाजत राहिला. पुढे आयरिश आणि इंग्रज लोकांच्या पायांच्या नाचाशी त्याची गाठ पडली आणि त्यातून टॅप घडला. वाद्य हिरावून घेतलेल्या माणसांचं हे वाद्य आहे. बूट बांधताना मला हे आठवतं, आणि पाऊल निष्काळजीपणे टाकवत नाही.

पुढच्या काळातला आफ्रिकन-अमेरिकन टॅप नर्तक बिल रॉबिन्सन बहुतेक चवड्यांवर नाचायचा, हलका आणि काटेकोर. जॉन बबल्सने टाचा खाली आणल्या आणि नाचाला खर्ज मिळाला. दोघांच्या जुन्या चित्रफिती मिळतात. आधी डोळे मिटून ऐक, मग बघ.

फरशीवर किंवा काँक्रीटवर सराव करू नकोस. पट्ट्या सरकतात, आणि कठीण जमिनीचा हादरा नडग्यांना बसतो. जाड प्लायवुडचा तुकडा घे, खाली सतरंजी घाल. नडगी दुखली तर त्या दिवशी बूट काढून ठेव. पट्ट्यांचे स्क्रू वर्गाआधी तपासून घे. सैल स्क्रूचा खडखडाट ऐकून आपलंच पाऊल चुकलं असं वाटत राहतं.

वर्गात शिम शॅम शिकवतील तेव्हा मागच्या ओळीत लपू नकोस. 1920 च्या दशकात लिओनार्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी बसवलेली ही 32 बारची (तालाच्या 32 आवर्तनांची) रचना जगभरच्या टॅपवाल्यांना येते. नवखे आणि मुरलेले एकाच रांगेत ती नाचतात. पाऊल हुकलं तर ब्रेकपाशी, म्हणजे चाल खंडित होते तिथे, पुन्हा सामील हो. तिथे सगळ्यांचा आवाज एक होतो, तो ओळखू येतोच. ती बारा वर्षांची मुलगी शेजारी असेल तर उत्तमच. तिच्या पायांकडे बघू नकोस, ते ऐक.

आठवडाभर रोज दहा मिनिटं फक्त शफल कर, दोन्ही पायांनी. मग फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. व्हिडिओ नको, नुसता आवाज पाठव.

तुझी,
मावशी