जीए-४ मध्ये इन्स्टाग्रामची विक्री तीन तक्त्यांत तीन वेगळी का दिसते? कोणता कॉलम धरायचा?

तुमची अडचण मला कळली ती अशी : कोकम, आमसुलं, आंबापोळी विकणारी तुमची छोटी साइट आहे. एप्रिलमध्ये इन्स्टाग्राममुळे किती विक्री झाली हे बघायला गेलात, तर जीए-४ च्या (गूगल ॲनालिटिक्स ४, म्हणजे साइटवर लोक कुठून आले ते मोजणारं गूगलचं साधन) 'यूजर ॲक्विझिशन'मध्ये एक आकडा, 'ट्रॅफिक ॲक्विझिशन'मध्ये दुसरा आणि 'ॲट्रिब्युशन मॉडेल्स'मध्ये तिसरा. त्यातही तिसऱ्यात ऑर्डरी चक्क अपूर्णांकात, २.६७. मग खरा कोणता?

तिन्ही खरे. उत्तर सरकारी थाटाचं वाटेल, पण ते तीन आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, आणि प्रश्न कोणता ते पहिल्या कॉलमच्या नावात लिहिलेलं असतं. आपण ते नाव न वाचता थेट उजवीकडच्या रुपयांवर जातो, तिथं घोळ होतो.

लग्न जुळल्यावर श्रेय कुणाचं यावरून घरात जो वाद होतो, तोच इथे आहे. स्थळ सुचवलं मावशीनं, बैठकीत मानपानाचं मिटवलं मामानं. दोघांचंही म्हणणं बरोबर असतं.

एक ऑर्डर धरू. एका बाईंनी सोमवारी तुमची इन्स्टाग्राम स्टोरी बघून साइट उघडली आणि चाळून बंद केली. बुधवारी गूगलवर 'आमसूल' शोधताना त्या पुन्हा तुमच्याकडे आल्या. शुक्रवारी साइटचा पत्ता स्वतः टाइप करून आल्या आणि १,२०० रुपयांची खरेदी केली.

'यूजर ॲक्विझिशन'मधला 'फर्स्ट यूजर सोर्स' हा कॉलम विचारतो, या बाई पहिल्यांदा कुठून आल्या? १,२०० रुपये इन्स्टाग्रामच्या नावावर. 'ट्रॅफिक ॲक्विझिशन'मधला 'सेशन सोर्स' विचारतो, ज्या भेटीत खरेदी झाली ती कुठून? शुक्रवारची भेट थेट होती, पण जीए-४ अशा वेळी 'डायरेक्ट' सोडून त्याआधीचा ओळखीचा सोर्स धरतं. १,२०० रुपये गूगल ऑरगॅनिकला, म्हणजे जाहिरातीविना झालेल्या शोधाला. आणि मागेपुढे काही न लावलेला, नुसता 'सोर्स' हा कॉलम असेल तर तिथं तुम्ही निवडलेलं मॉडेल, म्हणजे श्रेय वाटायचा नियम, लागू होतं. ते डेटा-ड्रिव्हन (डेटावरून प्रत्येकाचा वाटा ठरवणारं) असेल तर श्रेय इन्स्टाग्राम आणि गूगलमध्ये वाटलं जातं. तुमच्या तक्त्यातल्या २.६७ ऑर्डरी त्यातून आल्या. पाकिटं कुणी फोडलेली नाहीत.

यातली मेख लक्षात घ्या. ॲडमिनमधल्या 'ॲट्रिब्युशन सेटिंग्ज'मध्ये जाऊन मॉडेल बदललं, तरी 'फर्स्ट यूजर' आणि 'सेशन' या शब्दांनी सुरू होणारे कॉलम हलत नाहीत. फक्त नुसत्या 'सोर्स', 'मीडियम', 'कॅम्पेन'वर फरक पडतो. लोक सेटिंग बदलून 'ट्रॅफिक ॲक्विझिशन' उघडतात आणि काहीच बदललं नाही म्हणून चक्रावतात.

मी उलट चूक केली होती. एका दुकानाचं मॉडेल महिन्याच्या मध्यात बदललं आणि नंतर जुना अहवाल पुन्हा काढला, तर आधी पाठवलेल्या पीडीएफशी आकडे जुळेनात. मॉडेल बदललं की मागचा डेटाही नव्या हिशेबानं दिसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मालकांना वाटलं मी आकडे फिरवले. (लुकबॅक विंडोचं, म्हणजे खरेदीआधीचे किती दिवस मागे बघायचं त्या मुदतीचं, तसं नाही. ती बदलली तर परिणाम पुढच्या डेटावरच होतो. खरेदीसारख्या इव्हेंटसाठी ती मुळात ९० दिवसांची असते. आमसुलं घ्यायला कुणी तीन महिने विचार करत नाही. माझा कल ३० दिवसांकडे.)

मॉडेलं आता फारशी उरलेलीही नाहीत. फर्स्ट क्लिक, लिनिअर, टाइम डिके आणि पोझिशन-बेस्ड ही चारही २०२३ च्या अखेरीस काढून टाकली. राहिली तीन : डेटा-ड्रिव्हन, पेड-ऑरगॅनिक (जाहिरातीतून आलेले आणि तसेच आलेले) दोन्ही धरून शेवटच्या क्लिकला श्रेय देणारं लास्ट क्लिक, आणि फक्त गूगलच्या जाहिरातींना श्रेय देणारं लास्ट क्लिक. हे तिसरं तुमच्या कामाचं नाही. पहिली दोन 'ॲट्रिब्युशन मॉडेल्स' तक्त्यात शेजारीशेजारी लावून बघता येतात. महिन्याला मोजक्या ऑर्डरी असतील तर डेटा-ड्रिव्हनच्या वाटपावर मी फार विसंबणार नाही. लास्ट क्लिक निदान समजावून सांगता येतं.

आता कॉलम. 'ट्रॅफिक ॲक्विझिशन' उघडून वर उजवीकडची पेन्सिल दाबा. ती दिसत नसेल तर तुमच्याकडे एडिटरचे हक्क नाहीत, ज्यानं साइट बनवली त्याच्याकडून ते घ्या. 'मेट्रिक्स'मध्ये जास्तीत जास्त १२ कॉलम ठेवता येतात, पण पाच पुरेत : सेशन्स (भेटी), एंगेज्ड सेशन्स (लोक खरंच रमले अशा भेटी), की इव्हेंट्स (तुम्ही महत्त्वाच्या म्हणून नोंदवलेल्या कृती), सेशन की इव्हेंट रेट (किती टक्के भेटींत अशी कृती झाली) आणि टोटल रेव्हेन्यू (एकूण विक्री). जतन करताना 'नवीन अहवाल' म्हणून करा. मूळ तक्ता बदललात तर तो त्या प्रॉपर्टीतल्या (जीए-४ मधल्या तुमच्या साइटच्या खात्यातल्या) सगळ्यांसाठी बदलतो.

'की इव्हेंट्स'च्या डोक्यावर 'ऑल इव्हेंट्स' असा बारीक ड्रॉपडाउन असतो. तो तसाच ठेवलात तर खरेदीत फॉर्म भरणं, कार्टमध्ये टाकणं, जे जे तुम्ही की इव्हेंट म्हणून नोंदवलंय ते सगळं मिसळतं. तिथं 'परचेस' निवडा. माझ्या अनुभवात निम्मे गैरसमज इथंच मिटतात.

पहिल्या कॉलममध्ये मुळात चॅनल ग्रुप (सोर्सचे ढोबळ गट) असतो, त्यात इन्स्टाग्राम वेगळं दिसतच नाही. तो बदलून 'सेशन सोर्स / मीडियम' करा. तरी इन्स्टाग्राम तीनचार ओळींत विखुरलेलं सापडेल : कुठे रेफरल (दुसऱ्या साइटवरच्या लिंकवरून आलेली भेट) म्हणून, कुठे तुमच्याच लिंकमधल्या नावानं. वरच्या शोधचौकटीत 'इन्स्टाग्राम' इंग्रजीत टाइप केलंत की ते नाव असलेल्या सगळ्या ओळींची बेरीज मिळेल. यूटीएम (भेट कुठून आली ते सांगणारी, लिंकच्या शेवटी जोडायची खूण) लावताना लिपी आणि लहान-मोठी अक्षरं कायम एकच ठेवा. जीए-४ ला मोठ्या 'आय'चं आणि छोट्या 'आय'चं इन्स्टाग्राम वेगळं वाटतं. व्हॉट्सॲप ग्रुपात टाकता त्या लिंकलाही यूटीएम लावा, नाहीतर ती गिऱ्हाइकं बहुतेक 'डायरेक्ट'मध्ये जमा होतात.

मघाच्या उदाहरणात मी एक गोष्ट गृहीत धरली होती : तिन्ही दिवशी ब्राउझर एकच होता. प्रत्यक्षात इन्स्टाग्राममधून उघडलेली लिंक बहुधा ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. बाईंनी नंतर क्रोममधून खरेदी केली, तर जीए-४ च्या लेखी ती दुसरीच व्यक्ती. मग कुठल्याही कॉलममध्ये, कुठल्याही मॉडेलमध्ये इन्स्टाग्रामचं नाव येणार नाही. म्हणून इन्स्टाग्रामचे हे आकडे कमीत कमी इतके, असे वाचावेत.

मेटाच्या (इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीच्या) जाहिराती चालवत असाल तर तिथला आकडा याहूनही मोठा दिसेल. तिथं सर्वसाधारणपणे क्लिकनंतरचे ७ दिवस आणि नुसती जाहिरात दिसल्यावरचा १ दिवस, एवढ्यातली खरेदी जाहिरातीच्या नावावर लागते. जीए-४ ला नुसतं दिसलेलं कळत नाही. ते दोन आकडे जुळवायला बसू नका.

तुमच्या जागी मी असतो तर स्टोरीवर मेहनत घ्यायची की नाही हे 'फर्स्ट यूजर सोर्स'वरून ठरवलं असतं, महिन्याचा हिशेब 'सेशन सोर्स'वरून ठेवला असता, आणि चेकआउटच्या पानावर 'आमच्याबद्दल कुठं कळलं?' असा एक साधा रकाना टाकला असता. ऐच्छिक ठेवा, सक्तीचा केलात तर लोक काहीही भरतात.