उसातल्या जिवाणूचे जीन अभ्यासणार असशील तर आधी हे बघ

बघ, लगेच मोठ्या पाईपलाईनच्या, म्हणजे एकामागं एक चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या साखळीच्या, मागं लागू नकोस. आपल्या वाळव्याकडं उसाच्या बेण्याला ॲसिटोबॅक्टर लावतात ना, हवेतला नत्र धरणारा, त्याचेच निफ जीन, म्हणजे नत्र धरायचं काम करणारे जीन घे, त्याचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, एनसीबीआय या जीन-माहितीच्या साठ्यावर फुकट मिळतो. नवीन पोरं प्रत्येक जीनच्या आधीची डीएनएची 300 अक्षरं उचलून मोटिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा छोटा नमुना, शोधायला टाकतात, माझे पण दोन महिने त्यातच गेले, कारण जिवाणूत जीन ऑपेरॉनमधे, म्हणजे एकत्र चालू होणाऱ्या गटात, एकामागं एक जोडलेले असतात आणि मधल्यांना बहुतेक वेळा स्वतःचा प्रमोटर, म्हणजे जीन चालू करायची जागा, नसतोच, तेव्हा ऑपेरॉनच्या पहिल्या जीनच्या आधीचाच तुकडा घे. निफ जीन चालू करणारं निफए प्रोटीन बसतं तिथं टीजीटी, मधे कुठलीही 10 अक्षरं, मग एसीए असं दिसतं. पण एवढा बारका नमुना अख्ख्या जीनोममधे नुसत्या योगायोगानं शेकडो ठिकाणी सापडतो! म्हणून जवळच्या चार-पाच जातींत त्याच जागी तो टिकलाय का बघ, टिकला असेल तरच विश्वास ठेव.

आणि निफ जीनवरनं काढलेलं वंशाचं झाड 16एसच्या, म्हणजे जिवाणूंची नाती ठरवायला नेहमी वापरतात त्या जीनच्या, झाडाशी जुळलं नाही तर घाबरू नको, जीन एका जिवाणूतनं दुसऱ्यात आडवे पण जातात, फक्त तसं म्हणायच्या आधी अलाइनमेंट, म्हणजे एकाखाली एक जुळवलेली अक्षरं, स्वतःच्या डोळ्यांनी तपास, बूटस्ट्रॅप, म्हणजे झाडाच्या फांदीवर किती भरवसा ठेवायचा तो आकडा, बघ.